मंजुळाबाईची घागर

सिडनी, व्हँकुव्हर बेट, कॅनडा
२४ जुलै १९८८

भाऊ,

आई गेल्याची तुझी तार मिळाली तेव्हा मी वॉर्डात गोळ्या वाटत होते. मातीला पोचणं शक्यच नव्हतं हे तुलाही कळतंय, मलाही कळतंय, तरी दीड महिना झाला, मन काही ऐकत नाही. तारेत चार शब्द होते. आता चार पानं लिही. मातीला कोण कोण आलं, पाळकांनी काय सांगितलं, कोणती गीतं म्हटली, आणि ताईबाई मावशीला कोणी सावरलं? आईची एकुलती एक बहीण ती. करंजखेड्याच्या त्या घरात आधीच एकटी, आता कशी राहत असेल?

(आणि पोस्टमनला सांग, हे सिडनी ऑस्ट्रेलियातलं नव्हे. तुझं मागचं पत्र कांगारू बघून मग इकडे आलं.)

तार आली त्या दिवशी मला एका पेशंटनं धरून बसवलं. पेशंटनं नर्सला! तिचं नाव ॲग्नेस. वय त्र्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलंय, जीभ शाबूत आहे. ती इथल्या मूळ लोकांपैकी, सानिच म्हणतात त्यांना. मी राहते त्या भागाचं नावच त्यांच्यावरून पडलंय आणि एकोणीस वर्षांत मी कधी विचारलंही नव्हतं की ते नाव कुणाचं. तुझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तरची बहीण, आणि ही तऱ्हा.

ॲग्नेस सांगते, फार पूर्वी महापूर आला. तिच्या पूर्वजांनी होड्या डोंगराच्या माथ्याला जाडजूड दोरानं बांधल्या आणि जीव वाचवला. पाणी ओसरायला लागलं तेव्हा डोंगर वर येताना दिसला. म्हणून ते 'वर आलेले' लोक. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, आमच्या शास्त्रातही नोहा आहे. ती म्हणाली, "नोहा मला माहीत आहे, मी कॅथलिक आहे. पण त्याचा डोंगर मी बघितला नाही. हा मला माझ्या घरातून दिसतो."

मी रडत होते तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला. "तुझ्या आईला आता जेवायला कोण घालतं?" मला वाटलं, म्हातारीला नीट ऐकू गेलं नाही. मी सांगितलं, आई वारली. ती म्हणाली, "तेच तर विचारते आहे."

पुष्पावहिनीला सलाम. लवकर लिही.

तुझी शलोमी

---

देवपूर, धुळे
२० ऑगस्ट १९८८

प्रिय शलोमी,

इकडे मी, पुष्पा आणि घर असे तिघंही धडधाकट आहोत. घर जरा गळतं, पण वयोमानाप्रमाणे चालायचंच.

आईची माती फार चांगली झाली. दीडशेच्या वर माणूस होतं. भुसावळहून, अमळनेरहून मंडळी आली. पाळकांनी अर्धा तास संदेश दिला आणि आबांचीही आठवण काढली. मिशनच्या दवाखान्यातला एक साधा कंपाउंडर अख्ख्या गावाचा विरोध पत्करून कसा प्रभूकडे आला, हे त्यांनी इतकं छान सांगितलं की मलाच नवं वाटलं. आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती. 'शलोमीला सांग, थंडीत कान बांधत जा' हे तिचं तुझ्याविषयीचं शेवटचं वाक्य. यापेक्षा काही थोर बोलली असती तर तुला कळवलंच असतं.

ताईबाई मावशी तिसऱ्या दिवशी, कबरीवरच्या प्रार्थनेच्या वेळी आली होती. तिला परतीची एसटी धरायची होती, म्हणून लवकर निघाली. बरी आहे.

तुझ्या ॲग्नेसबाईंची पुराची कथा वर्गात सांगितली. पोरं खूश झाली. एकानं विचारलं, सर, होड्या बांधल्या तो दोर कशाचा होता? मला सांगता येईना, तेव्हा विचारून कळव. त्या लोकांचा आणखीही इतिहास लिहीत जा. अडतीस वर्षं मी पोरांना लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या, आता निवृत्तीच्या तोंडावर काहीतरी ताजं शिकवावं म्हणतो.

मात्र ते मेलेल्यांना जेवू घालण्याचं सोड. मी मंडळीचा वडील आहे, आपल्या चर्चमध्ये अशा गोष्टींवर बोट ठेवायचं काम माझ्याकडेच येतं. आबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. म्हणून तर माझं नाव अभिमन राहिलं आणि दोन वर्षांनी जन्मलीस ती तू शलोमी झालीस. तुला मागचं काही आठवायचं कारण नाही. मला आठवतं, आणि ते आबांनी का सोडलं हेही मला ठाऊक आहे.

तुझा भाऊ,
अभिमन

---

सिडनी
९ ऑक्टोबर १९८८

भाऊ,

दोर देवदारासारख्या झाडाच्या सालीचा होता म्हणे, कोणी दुसऱ्या झाडाचा म्हणतं. ॲग्नेसचं आणि तिच्या भाच्याचं यावरून माझ्यासमोर चांगलंच वाजलं. पोरांना सांग, इतिहासात वाद आहे.

ॲग्नेस आता घरी आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे जाते. ती लोकरीचे स्वेटर विणते आणि मला फुलके लाटायला लावते. तिचे वडील समुद्रात जाळं लावायचे. झाडाच्या सालीचे धागे वळून केलेलं मोठं जाळं, दोन होड्यांच्या मधे धरलेलं, सामन मासे यायच्या वाटेवर. आता गंमत ऐक. जाळ्याच्या टोकाला ते लोक मुद्दाम एक कडं गुंफून भोक ठेवायचे. त्यातून काही मासे निसटून जावेत म्हणून! माशांचीही घराणी असतात, आपण जेवलो म्हणून त्यांचा वंश बुडता कामा नये. तिच्या लहानपणी सरकारनं ती जाळी बंद केली. मग तिला दूर बेटावरच्या शाळेत नेलं, तिथे घरची भाषा बोललं की मार बसायचा. हे सांगताना ती विणकाम थांबवत नाही.

तुझ्या वर्गासाठी आणखी एक. १८५२ साली गोऱ्या गव्हर्नरनं त्यांच्या पुढाऱ्यांना बोलावलं, घोंगड्यांचे गठ्ठे दिले आणि कागदावर फुल्या काढायला सांगितल्या. यांनी पाद्री पाहिले होते. त्यांना वाटलं, हा क्रूस आहे, हे लोक देवाची खूण करून शब्द देतायत, आता भांडण मिटलं. प्रत्यक्षात कागदावर लिहिलं होतं की जमीन विकली. पण त्यातच एक ओळ अशीही होती की मासेमारी पूर्वीसारखी चालू राहील. तेवढी ओळ हे लोक अजून घट्ट धरून आहेत. त्यांच्या खाडीत कोणी मोठा धक्का बांधायला निघालंय, त्यावर कोर्टात दावा चालू आहे.

आता मुख्य गोष्ट. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

दोन नोव्हेंबरला त्यांच्या चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना असते. फादर कबरस्तानात येऊन आशीर्वाद देतात. नंतर ॲग्नेसच्या घरची माणसं आपल्या गेलेल्यांच्या आवडीचं जेवण रांधतात आणि अग्नीच्या हवाली करतात. ते जेवण त्यांना पोचतं. हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला, भाऊ. ही तर आपल्याकडची आखाजीची आगारी! अक्षय्य तृतीयेला करंजखेड्यात चुलीच्या निखाऱ्यावर पितरांसाठी तूप आणि घास टाकतात ना? लहानपणी आईबरोबर माहेरी गेले की मी दारातून बघायचे. आई म्हणायची, तू झोक्यावर जा.

आई म्हातारपणीसुद्धा दर आखाजीला माहेरी का जायची? आंबे तर धुळ्यातही मिळतात.

ॲग्नेसनं मला आईसाठी एक ताट करून आणायला सांगितलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझं मत कळव. आणि दिवाळी आली, मावशी दरवर्षी कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घेते. यंदा काहीच नाही. तू गेला होतास का तिच्याकडे?

शलोमी

---

देवपूर
२५ ऑक्टोबर १९८८

शलोमी,

मत विचारलंस म्हणून लिहितो. नाही. अजिबात नाही.

तू परदेशात आहेस, तुला हे सगळं गोड वाटतं. मी इथे राहतो. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन सांगत आलो की बाबांनो, गंडे बांधू नका, नवस करू नका, मेलेल्यांना घास टाकू नका. आणि माझ्याच आईच्या नावाचं ताट जाळायचं? मग स्वतःच्या सख्ख्या मावशीला चारचौघांत उठवून लावलं ते कशासाठी?

अग्नीत टाकलेलं अन्न कोणाला मिळत नाही. कान बांधत जा.

अभिमन

---

सिडनी
४ डिसेंबर १९८८

भाऊ,

तुझं पत्र आठ नोव्हेंबरला आलं. ताट दोन तारखेला गेलं. तक्रार करायची तर पोस्टखात्याकडे कर.

सगळं लिहिणार नाही. तिथल्या काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात असं ॲग्नेसनं बजावलंय, आणि मला जेवढं बघायला बोलावलं तेवढंच मी बघितलं. माझ्यापुरतं सांगते. आदल्या दिवशी व्हिक्टोरियातल्या पंजाब्याच्या दुकानात जाऊन वांगी आणली. इथली वांगी दिसायला थोर, चवीला पाणी. गॅसवर भाजली, ठेचली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घातली. कळण्याच्या भाकरीला ज्वारी नाही मिळाली, मग नुसत्या गव्हाच्या पोळ्या. चोवीस वर्षांची असताना आईला सोडून आधी मिरजेला, मग इकडे आले. त्यानंतर आईसाठी म्हणून मी काही रांधलं नव्हतं, भाऊ. ती जिवंत असताना नाही. ते ताट हातात घेतलं तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि मी तिथेच हुंदके देऊन रडले. कोणी मला उगी राहा म्हटलं नाही.

मी ॲग्नेसला तुझा प्रश्न विचारला. म्हटलं, तू रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जातेस आणि हेही करतेस, फादर काही म्हणत नाहीत? ती म्हणाली, "आधीचे म्हणायचे. आमच्या मोठ्या जेवणावळींवर तर सरकारनंच बंदी घातली होती, वस्तू वाटल्या म्हणून माणसं पकडायचे. मी देवाकडे जाते आणि माझ्या माणसांना जेवू घालते. देवानं माझ्याकडे कधी तक्रार केली नाही, माणसांनीच केली."

मी तिच्या मताची झाले असं समजू नकोस. मी अजून माझ्याच चर्चला जाते आणि भजनात बेसूर गाते. पण त्या रात्री मला आई गेल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली.

आता तुझं. मावशीला एसटी धरायची होती, होय ना? तू मला खोटं लिहिलंस. मंडळीच्या वडिलानं! चारचौघांत उठवून लावलं म्हणजे काय केलंस? सगळं लिहिल्याशिवाय मला पत्र पाठवू नकोस.

शलोमी

---

देवपूर
२ एप्रिल १९८९

प्रिय शलोमी,

चार महिने लिहिलं नाही. नाताळचं तुझं कार्ड पुष्पानं आरशावर खोचून ठेवलंय. दाढी करताना रोज ते माझ्याकडे बघतं. आज बसलो आहे.

तिसऱ्या दिवशी कबरीवर प्रार्थना चालू होती. पाळक होते, पंधरा-वीस माणसं होती. मावशी मागून आली, डोक्यावर पाटी. मला वाटलं फुलं आणली असतील. तिनं कबरीशी बसून फडकं सोडलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. (आता कळलं ना, तुझं डिसेंबरचं पत्र वाचून मी चार महिने गप्प का होतो? तू साता समुद्रापार, ती करंजखेड्यात, आणि दोघींनी एकच जेवण रांधलं. मी मात्र सगळ्यांच्या जवळ होतो.) ती मातीवर भाकरी ठेवायला लागली, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मावशी, हे ख्रिस्ती कबरस्तान आहे. नैवेद्य दाखवायचा तर गावच्या देवळात जा."

एवढंच म्हणालो. पण वर्गात म्हणतो त्या आवाजात म्हणालो.

तिनं भाकरी गोळा केल्या, फडक्याला गाठ मारली आणि उठली. पाय दुखतात तिचे, तरी एसटी स्टँडपर्यंत चालत गेली. पुष्पा तिच्या मागे धावली तर मी पुष्पालाही हाक मारून थांबवलं. दिवाळीला लुगडं पाठवलं, ते न उघडता परत आलं.

आणि आता हे. परवा करंजखेड्याचा वना शिंपी बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर निरोप आला. आखाजी आठ मेला आहे. आई गेल्यानंतरची ही पहिली. मावशीचं म्हणणं, मंजुळाची घागर पोटच्या पोरानंच भरायला हवी, बहिणीनं भरलेली चालत नाही. वनानं तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "त्याले सांग, तुनी मायले तीस लागनी व्हई. दुसरं काही नको, उन्हायात एक घागर पानी." नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, वर डांगर (शहरात खरबूज म्हणतात ते), सांजोऱ्या आणि आंबे. गेलेल्याची तहान भागते म्हणतात.

शलोमी, मी काय करू? भरली आणि मंडळीत कळलं तर मला वडीलपदावरून उतरावं लागेल, आणि उतरवणाऱ्यांचं चुकेल असंही मी म्हणू शकणार नाही, कारण नियम मीच केलेत. नाही भरली तर मावशी माझं तोंड पुन्हा बघणार नाही. ती एकोणऐंशीची आहे. आईचा चेहरा आता फक्त तिच्याच चेहऱ्यात उरलाय. पुष्पाला विचारलं तर म्हणते, तुम्ही शहाणे आहात, तुम्हीच ठरवा. बायको असं म्हणाली की समजावं, तिनं आधीच ठरवलंय.

तुझा,
अभिमन

---

सिडनी
१९ एप्रिल १९८९

भाऊ,

पत्र वाचून आधी तुझा खूप राग आला. मग कबरस्तानात तुझ्याकडे बघणारी ती वीस माणसं डोळ्यांसमोर आली आणि तुझी कीव आली. आता दोन्ही ओसरलं, म्हणून लिहिते.

घागर भर असं मी सांगणार नाही आणि भरू नकोस असंही नाही. तो तुझा आणि प्रभूचा हिशोब आहे. पण जा. मावशीच्या ओट्यावर जाऊन बस. तिनं शिव्या दिल्या तर खा. 'चुकलं' हा शब्द मराठीत तीन अक्षरांचाच आहे आणि तू तर मराठीही शिकवतोस.

ॲग्नेसला सगळं सांगितलं. ती तुझ्यावर चिडेल असं वाटलं होतं, तर ती म्हणाली, "तुझा भाऊ माझ्या बापासारखा आहे. शाळेतून आल्यावर आम्ही आमची भाषा बोलू नये म्हणून तोच आम्हाला दटावायचा. त्याला वाटायचं, यातच पोरींचं भलं आहे. म्हातारपणी मात्र तोच माझ्याशी त्या भाषेत बोलायला यायचा आणि मला शब्द आठवायचे नाहीत." मग तिनं विणकामाच्या सुया पुन्हा हातात घेतल्या.

गेल्या महिन्यात वरच्या कोर्टाचा निकाल लागला. त्यांच्या खाडीत धक्का बांधायचा नाही! तोच तो फुल्यांचा कागद, तीच एक ओळ. वस्तीवर जेवण होतं, मलाही बोलावलं. मी एवढा सामन खाल्ला की दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर चालवेना. पोरांना सांग, कधीकधी इतिहासात वेळेवर न्याय मिळत नाही, पण मिळतो.

हे पत्र आठ तारखेआधी पोचावं म्हणून आत्ता पोस्टात टाकायला जाते.

शलोमी

---

देवपूर
१२ मे १९८९

प्रिय शलोमी,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. सात तारखेला रात्री मी पुष्पाला म्हटलं, "मी विचार करतोय की उद्या..." ती म्हणाली, "पिशवी भरून ठेवली आहे. सकाळची अमळनेर गाडी सहाला आहे."

अमळनेरहून टेम्पोत बसून दहाच्या सुमाराला करंजखेड्यात उतरलो. ऊन मी म्हणत होतं. गावात माहेरवाशिणींचा नुसता कल्ला. निंबाला झोके टांगलेले, माझ्या वयाच्या बायादेखील त्यावर बसून पोरींना धक्का द्यायला लावत होत्या. मला आईची आठवण येईल असं वाटलं होतं. ती आली नाही, इतकं ते सगळं आनंदाचं होतं. आठवण आली मावशीच्या दारात. ती उंबऱ्याशी बसली होती, पदर डोळ्यांवर ओढून, अगदी आई बसायची तशी.

ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पुष्पा वाकून पाया पडायला गेली, तिला मात्र जवळ घेतलं. मी ओट्याखाली उन्हात उभा. अडतीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलं, त्याची फेड झाली. शेवटी मी म्हणालो, "मावशी, कबरस्तानात मी फार वाईट बोललो. माझं चुकलं."

मावशीनं पदर वर केला. "तू बोलना त्यानं काही नई. पन मन्या भाकरी भुक्याच घर उन्यात."

भाकरी उपाशीच घरी आल्या! तिनं त्या परत नेऊन काय केलं असेल हे मी कधी मनात आणलं नव्हतं. मी तिथेच ओट्यावर बसलो आणि रडलो, शलोमी. सत्तावन्न वर्षांचा घोडा. मावशीनं मला रडू दिलं आणि मग तांब्या पुढे केला.

आत देवघराशेजारी घागरी मांडल्या होत्या. मोठी कोरी घागर रिकामीच होती, दुपार व्हायला आली तरी. मी म्हणालो, मावशी, मी पूजा करू शकत नाही, हात जोडू शकत नाही. ती म्हणाली, "पाया नको पडू. पानी वत फक्त. तुनी मायना अन तुना मझार तिसरा कोनी नको." आमच्या मंडळीचा सगळा कायदेकानून मी तोंडपाठ सांगू शकतो, पण आईला पाणी देऊ नये असं कलम मला त्यात आठवेना. मी हंडा उचलला. ओतताना प्रार्थना करायची ठरवली होती, शब्दही जुळवून नेले होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "आई, पी."

मग मावशीनं डांगर ठेवलं, पुष्पानं सांजोऱ्या आणि आंबे ठेवले. निखाऱ्यावर तूप पडलं, घास पडला. मी दारात उभा राहिलो, आत गेलो नाही, बाहेरही गेलो नाही. तेवढ्यात कोपऱ्यात वेगळी ठेवलेली एक लहान घागर दिसली. भरलेली, वर एकच आंबा. मी विचारलं, ही कोणाची?

मावशी हसली. तिचा पुढचा एकच दात राहिलाय. "तुना बापनी."

आबांची! आबा गेले त्या सालापासून, शलोमी. अठरा आखाज्या. आई दरवर्षी माहेरी येऊन आबांची घागर भरत होती. ज्या माणसानं हे सगळं सोडलं, त्याच माणसासाठी. आता ती नाही म्हणून यंदा मावशीनं भरली. मी म्हणालो, आईनं मला कधी सांगितलं नाही. मावशी म्हणाली, "तुले कसं सांगी? तू तं मंडळीना मोठा माणूस. बठ्ठासले माहीत शे, तुलेच नई." मी पुष्पाकडे बघितलं. पुष्पा आंबे पिळत होती. तिनं मान वर केली नाही, यावरून काय समजायचं ते मी समजलो. अठरा वर्षं माझ्या घरातून माझ्या बापाची घागर भरायला डांगर जात होतं आणि मी आईला एसटीत बसवून देत होतो, वर सांगत होतो, जपून जा.

तुझ्या ऑक्टोबरच्या प्रश्नाचं हे उत्तर. आंबे धुळ्यातही मिळतात हे खरं.

जेवण काय झालं ते लिहीत नाही, तुला त्रास होईल. खापरावरचे मांडे आणि रस होता एवढंच सांगतो. मी पाच खाल्ले. मावशी समोर बसून वाढत होती, 'आखो एक, आखो एक' करत. मला वाटलं, झालं, मिटलं, आता चार वाजता गाडी धरावी.

हात धुऊन आलो तर मावशीनं मला जवळ बसवलं. पुष्पाला म्हणाली, तू बी आयक. मग माझा हात धरून म्हणाली, "तुनी मायनी तीस गयी. तुना बापनी बी गयी. आते माले सांग अभिमन, मन्ह मांगे कोन शे? मी मरसू तव्हय मनी घागर कोन भरी?"

तिचं पोर जगलं नाही, हे आपल्या घरात कधी बोललंच जात नाही. नवरा गेला, बहीण गेली. मी इतके दिवस समजत होतो की म्हातारी आईसाठी अडून बसली आहे. ती एवढंच बघत होती की हा पोरगा घागर भरू शकतो की नाही.

मी म्हणालो, "मी भरीन, मावशी."

ती म्हणाली, "असा घाईम्हा नको बोलू. तुनी मंडळीले इचारीसन सांग."

मी म्हणालो, "विचारून नाही, मावशी. सांगून भरीन."

परवा रविवारी उपासना संपल्यावर मी उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे. पुष्पा म्हणते, बसूनच सांगा, तुमचे गुडघे धड नाहीत.

तुझा भाऊ,
अभिमन